अडुसष्ट मिनिटांचा पाहुणा

घरातल्या वडीलधाऱ्यांना डॉक्टर ‘गॅलियम पेट स्कॅन’ लिहून देतात, तेव्हा ती चिठ्ठी वाचून समजावण्याचं काम बहुधा तरुण मुलांवर येतं. ‘किरणोत्सारी’ हा शब्द कानावर पडला की आजी विचारतेच, “हे अंगात टोचणार? मग बाहेर कधी निघणार?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्याला नीट देता यायला हवं.

दोन ‘एका’ भावंडं

गॅलियम हा चांदीसारखा चकाकणारा धातू. तो सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तरी त्याचं पाणी होतं. तो सापडण्याआधीच, १८७१ मध्ये, मेंडेलीव्ह यांनी त्याचं भाकीत केलं होतं. आवर्तसारणीत अ‍ॅल्युमिनियमच्या खालची जागा रिकामी होती. संस्कृतातला ‘एक’ घेऊन त्यांनी त्या जागेला ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’ असं नाव दिलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडलं. तसंच भाकीत केलेलं ‘एका-सिलिकॉन’ १८८६ मध्ये जर्मनीत सापडलं, तेच जर्मेनियम. आजच्या स्कॅनला ही दोन्ही भावंडं लागतात.

रुग्णालयातली दुभती गाय

स्कॅनसाठी लागतं ते गॅलियम-६८. त्याचं अर्धायुष्यही सुमारे ६८ मिनिटंच आहे. आकडा जुळला हा निव्वळ योगायोग. दर ६८ मिनिटांनी ते निम्मं होतं आणि त्याचं साधं, निरुपद्रवी जस्त बनतं. इतकी अल्पायुषी वस्तू दूरच्या शहरातून मागवणार कशी? म्हणून रुग्णालय मागवतं ते जर्मेनियम-६८. त्याचं अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस.

जाड कवचातल्या एका छोट्या नळीत हे जर्मेनियम घट्ट धरून ठेवलेलं असतं आणि आतल्या आत त्याचं गॅलियम होत राहतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल नळीतून सोडलं की गॅलियम तेवढं धुऊन बाहेर येतं. तीन-चार तासांत नळी पुन्हा बऱ्यापैकी भरते. तंत्रज्ञ या यंत्राला चक्क ‘गाय’ म्हणतात आणि या कामाला ‘दूध काढणं’! ही गाय कित्येक महिने दूध देते, त्यामुळे गॅलियमसाठी रुग्णालयाजवळ महागडं सायक्लोट्रॉन असावंच लागत नाही.

पत्ता शोधणारा रेणू

नुसतं गॅलियम टोचून काही कळत नाही. त्याला एका रासायनिक पिंजऱ्यात धरतात आणि तो पिंजरा नेमका पत्ता ठाऊक असलेल्या रेणूला जोडतात. तो रेणू गाठीतल्या पेशींवर जाऊन चिकटतो. तिथे गॅलियममधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघंही नाहीसे होतात. त्या जागेवरून गॅमा किरणांची जोडी परस्परविरुद्ध दिशांना सुटते. भोवतीचं गोल यंत्र ती टिपतं आणि गाठ कुठे आहे ते दाखवतं.

नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये साखरेसारखा रेणू वापरतात, कारण झपाट्याने वाढणाऱ्या गाठी साखर फार खातात. पण सावकाश वाढणाऱ्या काही गाठी साखरेला भुलत नाहीत. न्यूरोएंडोक्राइन गाठी अशाच. इरफान खान यांनी २०१८ मध्ये आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकलं. या गाठींसाठी ‘डोटाटेट’ आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ‘पीएसएमए’ हे रेणू गॅलियमसोबत वापरतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी पहिल्याला २०१६ मध्ये आणि दुसऱ्याला २०२० मध्ये मान्यता दिली.

पुढची गोष्ट अधिक मोलाची. त्याच पत्त्यावर गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ पाठवलं, तर त्याचे किरण गाठीवर जागच्या जागी मारा करतात. म्हणजे आधी पाहायचं, मग त्याच वाटेने उपचार करायचे. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये असे उपचार होतात. मात्र गॅलियम स्कॅनमध्ये गाठ उजळली नाही, तर या उपचाराचा सहसा उपयोग होत नाही. म्हणून या स्कॅनवर पुढचं बरंच काही ठरतं.

आजीला काय सांगाल?

बारा तासांत गॅलियमचा हजारावा हिस्सासुद्धा उरत नाही, आणि काही भाग त्याआधीच लघवीवाटे निघून जातो. म्हणून भरपूर पाणी प्यायचं. त्या दिवशी काही तास तान्ह्या बाळांना मांडीवर घ्यायचं नाही आणि गरोदर स्त्रियांपासून थोडं लांब बसायचं. रुग्ण स्वतः गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर ते आधीच सांगायचं. ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगायचं. ती मनाने बंद करायची नाहीत. जुने रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत न्यायची.

आणि एक महत्त्वाचं. चित्रात मूत्रपिंडं, मूत्राशय, लाळग्रंथी अशा निरोगी जागाही उजळतात. तेव्हा मोबाइलवर आलेलं चित्र पाहून घरच्या घरी निदान करू नका. कोणता ठिपका कशाचा, हे डॉक्टरांसमोर बसून, आजी-आजोबांच्या देखत आणि आपल्या भाषेत विचारून घ्या.