मूल जेवत नाही? आधी घास मोजणे थांबवा

सांडोरसारख्या गावात संध्याकाळी अनेक घरांत एकच मोहीम सुरू असते. पुढे दोन वर्षांचे मूल, मागे वाटी घेतलेली आजी. एक घास चिऊचा, एक काऊचा, एक मांजरीचा. वाडीला दोन फेऱ्या होतात, पण वाटीतला भात हलत नाही. शेवटी मोबाइल लागतो, तोंड उघडते आणि घरातले सगळे हुश्श करतात. "डॉक्टर, हा काहीच खात नाही," अशी तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा 'काहीच न खाणारे' मूल बऱ्याचदा हातातले तिसरे बिस्किट संपवत असते.

भूक कमी का होते?

पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. पुढे वेग मंदावतो. 2 ते 5 वर्षांच्या वयात वर्षाला साधारण 2 किलो वजन वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. याच वयात नव्या पदार्थांविषयी संशय वाटतो. काल आवडलेली भेंडी आज 'हिरवी आहे' म्हणून परत येते. हा बहुधा आजार नसतो, वयाचा भाग असतो.

भूक कशाने मरते?

"जेवला नाही, निदान दूध तरी पिऊ दे," ही माया महागात पडते. दुधाने पोट भरते, मग जेवण नको होते. दुधात लोह फार कमी असल्याने अशा मुलांना रक्तक्षय होऊ शकतो. एक वर्षानंतर दिवसाला 400 ते 500 मिली दूध पुरे. मधल्या वेळची बिस्किटे, वेफर्स आणि गोड पेयेही हेच करतात. मोबाइल पाहत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही.

काय करावे?

• कामे वाटून घ्या. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाने.
• तीन जेवणे आणि दोन वेळा मधले खाणे ठेवा. एरवी फक्त पाणी.
• 20 ते 30 मिनिटांनी, भाषण न देता ताट उचला.
• नवा पदार्थ चमचाभरच, आवडत्या वरणभाताशेजारी वाढा. तो आवडायला 10 ते 15 वेळा समोर यावा लागतो.
• मेथी निवडायला, वाडीतले टोमॅटो तोडायला मुलाला सोबत घ्या.
• "भाजी खा, मग चॉकलेट" असा सौदा नको. भाजी ही शिक्षा आहे, असेच मूल शिकते.
• रडत्या, पळत्या किंवा आडव्या मुलाच्या तोंडात घास कोंबू नका. तो श्वासनलिकेत अडकू शकतो. अख्खे शेंगदाणे लहान मुलांना देऊ नका. आपली वसईची सुकेळीही चिकट असते, बारीक तुकडे करूनच द्या. मासा काटे नीट काढून द्या.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वजन वाढत नसेल किंवा घटत असेल, मूल फिकट किंवा मलूल दिसत असेल, माती खात असेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलट्या-जुलाब होत असतील किंवा मोजकेच दोन-चार पदार्थ खात असेल, तर तपासणी करून घ्या. सल्ल्याशिवाय भुकेचे टॉनिक देऊ नका.

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवून घ्या. मूल खेळते आहे आणि कार्डावरची रेषा नीट वर जाते आहे, तर वाटीत उरलेल्या चार घासांसाठी आजीने पळण्याची गरज नाही. तिचेही गुडघे वाचतील.