फायरवॉल बंद करू नका, मुदत तपासा

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे प्रोसेसिंग आणि पालघर किंवा बोईसरला दुकान-गोदाम, असा कारोबार आपल्या अनेक बांधवांचा आहे. दोन्ही जागांचा हिशेब आता एकाच संगणकावर चालतो. त्यात एक तक्रार वारंवार कानी येते. जेवणाच्या सुट्टीनंतर बिल काढायला बसावे, तर पडदा गोठलेला. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडले की चालू. दुरुस्तीवाला येतो, "फायरवॉलमुळे होते" म्हणतो, सगळी दारे उघडून देतो आणि पैसे घेऊन जातो. त्याचे निदान अर्धे बरोबर असते, इलाज मात्र साफ चुकीचा.

संगणकाचा मजकूर तारेतून छोट्या छोट्या पाकिटांत जातो. प्रत्येक पाकिटावर कोठून आले, कोठे जायचे आणि कोणत्या पोर्टवर, हे लिहिलेले असते. (पोर्ट म्हणजे येथे बंदर नव्हे, दाराचा क्रमांक.) पॅकेट फिल्टर जातीची फायरवॉल म्हणजे नाक्यावरचा असा माणूस, जो बिल्टी वाचतो पण गाठ सोडून पाहत नाही. म्हणून आतला माल खराब आहे की नाही, हे तिला कळत नाही. कोणाला इजाजत द्यायची, एवढेच ती ठरवते.

पहिला नियम सर्व बंद ठेवण्याचा असावा. मग गरजेपुरते उघडावे. जीएसटी, ई-वे बिल आणि बँकेसाठी आतून बाहेर जाणारे 443 क्रमांकाचे दार लागते, नावावरून पत्ता शोधायला 53 लागते. बाहेरून आत येण्यासाठी सामान्य दुकानाला काहीच लागत नाही. दुसऱ्या जागेशी जोडायचे असेल तर व्हीपीएनचे एक दार पुरते. रिमोट डेस्कटॉपचे 3389 थेट उघडे ठेवणे म्हणजे गल्ला रस्त्यावर मांडणे. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरलाही हेच लागू. 2016 साली मिराई नावाच्या उपद्रवाने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले असेच डीव्हीआर आणि कॅमेरे जगभर ताब्यात घेतले होते.

नियमांचा क्रमही पाहावा. लिनक्सवर चालणाऱ्या फायरवॉलमध्ये वरून वाचत पहिला लागू पडणारा नियम निर्णायक ठरतो. 2001 साली ओपनबीएसडीबरोबर आलेल्या पीएफमध्ये उलट, शेवटचा लागू पडणारा ठरतो, नियमात 'क्विक' शब्द असेल तरच तेथे थांबते. एकाची यादी दुसऱ्यात तशीच उतरवली तर बंद दार उघडे होऊ शकते.

आता गोठलेल्या पडद्याकडे येऊ. आतून कोणी बाहेर बोलणे सुरू केले की फायरवॉल त्याची नोंद वहीत करते आणि त्या नोंदीवर उत्तर आत घेते. प्रत्येक नोंदीला मुदत असते. तेवढा वेळ दोन्ही बाजू गप्प राहिल्या की नोंद खोडली जाते. त्यानंतरचे पाकीट अनोळखी म्हणून मुकाट्याने टाकून दिले जाते आणि आपला संगणक उत्तराची वाट पाहत बसतो.

पीएफमध्ये जुळलेल्या टीसीपी संबंधाची मुदत 24 तास, लिनक्समध्ये 5 दिवस असते. स्वस्त राऊटरांत ती कित्येकदा फारच कमी ठेवलेली असते. संगणक स्वतःहून "आहात का?" असे विचारतो, पण सहसा 2 तासांच्या शांततेनंतर, आणि तेही सॉफ्टवेअरने सांगितले असेल तर. म्हणूनच इंटरनेटच्या मानकात ही मुदत 2 तास 4 मिनिटांपेक्षा कमी नसावी असे आहे. तेव्हा मुदत तेवढी वाढवावी. राऊटर आपल्या हातात नसेल तर सॉफ्टवेअर किंवा संगणकाला दर 10 मिनिटांनी विचारायला लावावे. व्हीपीएन यूडीपीवर असेल तर हिशेब सेकंदांचा होतो. लिनक्समध्ये एकतर्फी यूडीपी नोंद 30 सेकंदच टिकते, म्हणून वायरगार्डवाले 25 सेकंदांची खूण सुचवतात. सर्वच मुदती भरमसाट वाढवू नयेत. वहीला पानांची मर्यादा आहे. अर्धवट राहिलेल्या संबंधांच्या मुदती लहानच बऱ्या.

दारे उघडी टाकल्याची किंमत काय, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने मेर्स्क कंपनीचे संगणक जगभर बंद पडले आणि न्हावा शेवा येथील जेएनपीटीमधील तिचे टर्मिनलही अडकले. निर्यातीचे कंटेनर खोळंबले. कंपनीने नुकसान 20 ते 30 कोटी डॉलर धरले. गंमत म्हणा वा दुर्दैव, ही बला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेतून शिरली होती. आत आल्यावर चोरलेले पासवर्ड आणि संगणकांमधील 445 क्रमांकाचे दार यांच्या जोरावर ती पसरली. बाहेरचा नाका कितीही पक्का असता तरी ती आत येणारच होती.

म्हणून कारखान्याच्या आतही भिंत हवी. रंगाई यंत्रांचे नियंत्रक अनेकदा मॉडबस पद्धतीने 502 वर बोलतात आणि तिच्या मूळ रूपात पासवर्डच नाही. ती यंत्रे वेगळ्या जाळ्यात ठेवून सुपरवायझरच्या एकाच संगणकाला तेथे जाण्याची इजाजत द्यावी. बिलाच्या संगणकाला देऊ नये.

नियम बदलण्याचे काम सुट्टीच्या दिवशी, जागेवर बसून करावे. दुरून करताना एक ओळ चुकली तर आपणच बाहेर राहतो. जुन्या नियमांची प्रत आधी कागदावर काढावी. नंतर जोडणी उघडी ठेवून सव्वादोन तास काहीही न करता थांबावे आणि एक बिल काढून पाहावे.