रिकाम्या जागेपाशी उभी शिडी

१९७७ सालच्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात आर-फाइव्ह डी-फोर नावाचा एक यंत्रमानव काही क्षणांपुरता दिसतो. पांढरं अंग, त्यावर लाल पट्टे. नायक ल्यूकचे काका वाळवंटातल्या भंगारवाल्यांकडून त्याला निवडतात. तो चार पावलं सरकतो, डोक्यातून धूर निघतो आणि तो बाद होतो. त्याच्या जागी आर-टू डी-टू हा दुसरा यंत्रमानव जातो आणि पुढचा सगळा इतिहास घडतो. तो नेमका तिथेच का बिघडला, हा प्रश्न चित्रपट बघताना मला कधी पडला नव्हता. लेखक पीटर डेव्हिड यांना तो पडला. त्यांच्या छोट्या चित्रकथेत हा यंत्रमानव भविष्य पाहू शकतो. आपण या घरात गेलो तर अनर्थ होईल हे त्याला दिसतं, आणि तो स्वतःहून स्वतःला निकामी करून घेतो.

ही कथा ‘स्टार वॉर्स टेल्स’च्या पहिल्या अंकात आली. अमेरिकेतल्या डार्क हॉर्स प्रकाशनाने १९९९ ते २००५ या काळात या त्रैमासिकाचे २४ अंक काढले. प्रत्येक अंकात वेगवेगळ्या लेखक-चित्रकारांच्या स्वतंत्र लघुकथा असत. बऱ्याच कथा मूळ इतिहासाशी बांधील नव्हत्या, त्यामुळे ‘समजा असं झालं असतं तर’ म्हणायची मोकळीक होती. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा अख्खं महाभारत सांगत बसत नाही. कर्ण कोण, कुंती कोण, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इथेही तसंच. वाचक आकाशगंगा घेऊनच येतो, म्हणून कथा दहा पानांत उरकते, असं मला वाटायचं. हे खरं आहे का ते पाहायचं म्हणून गेल्या पावसाळ्यात मी स्वतःच आठ पानांची एक कथा करायला बसले.

आधी अभ्यास. एकोणिसाव्या अंकातली ‘इंटू द ग्रेट अननोन’ ही कथा घेतली आणि तिच्या चौकटी वहीत नुसत्या रेघांनी उतरवल्या: कुठे मोठी, कुठे लहान, कुठे आडवी. हेडन ब्लॅकमन यांचं लेखन, शॉन मर्फी यांची चित्रं. ‘स्टार वॉर्स’मधला हान सोलो आणि त्याचा केसाळ साथीदार च्युबाका यांचं यान भरकटून पृथ्वीवरच्या जंगलात कोसळतं आणि हान तिथे मरतो. शंभराहून अधिक वर्षांनी जंगलातल्या केसाळ प्राण्याच्या शोधात इंडियाना जोन्स तिथे पोचतो. पडद्यावर हान आणि इंडियाना या दोन्ही भूमिका हॅरिसन फोर्डच्या. म्हणजे एक माणूस आपल्याच सांगाड्यासमोर उभा! चौकटी उतरवताना कळलं की ती सगळी वर्षं कुठेही काढलेली नाहीत. ती दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत पडली आहेत. या पट्टीला ‘गटर’ म्हणतात. तिथे चित्रकाराचा हात थांबतो आणि वाचकाचं मन चालू लागतं.

माझ्या कथेसाठी मी त्याच पहिल्या चित्रपटातली यावीनची लढाई निवडली. बंडखोरांची विमानं शत्रूच्या डेथ स्टार या अवकाशतळावर झेपावतात आणि फार थोडी परततात. चित्रपटात आपण त्या परतणाऱ्यांच्या आनंदात सामील होतो. मला बंडखोरांच्या तळावर थांबलेली एक मेकॅनिक दिसत होती. वैमानिकाला चढवून तिने शिडी मागे घेतली आहे आणि आता ती वाट पाहते आहे.

पहिली संहिता चौदा पानांची झाली. बंड का झालं, डेथ स्टार काय आहे, सगळं मी सांगत बसले होते. ते कापलं. मग थंबनेल, म्हणजे काडेपेटीएवढ्या आकारात प्रत्येक पानाची मांडणी. इथे पान उलटण्याचा हिशेब येतो. कथा उजव्या पानावर सुरू झाली तर सातवं पानही उजवीकडे येतं आणि आठवं त्याच्या पाठीमागे दडतं. जे वाचकाला आधी दिसू नये ते आठव्यावर. सातव्याच्या शेवटच्या चौकटीत मी फक्त तिचा हात आणि शिडीची चाकं ठेवली.

अमेरिकी चित्रकार साधारण अकरा बाय सतरा इंचांच्या कागदावर काढतात आणि छपाईत चित्र लहान होतं, त्यामुळे रेषा घट्ट दिसते. मी ए-थ्री कागद घेतला. आधी फिकट निळ्या पेन्सिलीने, मग टाकाने. जवळच्या वस्तूची रेषा जाड, लांबच्या वस्तूची बारीक. शिडीची रेषा प्रत्येक पानावर मी थोडी जाड करत नेली.

सगळ्यात दमवलं अक्षरांनी. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक सगळी अक्षरं कॅपिटल, एका उंचीची. ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसतो. आधी फुगा काढून त्यात मजकूर कोंबायचा प्रयत्न फसला. मग आधी शब्द लिहिले आणि फुगा त्यांच्याभोवती आखला. फुगे मोठे झाले, चित्र झाकू लागले. मग शब्द कमी केले. शेवटी आठव्या पानावर एकही शब्द उरला नाही: पूर्ण पानभर एकच चित्र, मागे जल्लोष करणारी गर्दी आणि पुढे रिकाम्या जागेपाशी लावलेली शिडी.

पानं पहिल्यांदा मावशीला दाखवली. तिने ‘स्टार वॉर्स’ पाहिलेला नाही, नावही धड ऐकलेलं नाही. वाचकाच्या ओळखीवर विसंबलेली माझी कथा तिच्यापुढे कोसळणार, अशी मला भीती होती. ती सावकाश वाचत गेली. आठवं पान उलटलं आणि थांबली.

“हिचा माणूस आलाच नाही ना गं?”

मी मान हलवली. तिने पानं पुन्हा मागे उलटली, पहिल्यापर्यंत. बोट ठेवून वैमानिक शोधला.

“ह्याचा चेहराच दिसत नाही नीट. ती काच जरा वर कर की.”

आकाशगंगा मला उसनी मिळाली होती: विमानं, तळ, लढाई. पण मावशीला त्यातलं काहीच लागलं नाही. तिला हवा होता तो एक चेहरा. तो मी काढलाच नव्हता, कारण हेल्मेट पाहिलं की ओळखणारे ओळखतील, असं मी धरून चालले होते. कथा जिथे उसन्यावर भागवत होती, नेमकं तिथेच तिचं बोट पडलं.

त्या रात्री लाइट बॉक्सवर पहिलं पान पुन्हा ठेवलं. हेल्मेटची पिवळी काच वर सरकवली. पंचविशीतला मुलगा काढला, शिडीच्या शेवटच्या पायरीवरून खाली तिच्याकडे बघणारा. ओठ किंचित उघडे. काहीतरी म्हणतोय, पण फुगा काढला नाही.