व्हॉल्व्ह अँप घूं घूं करतोय? पार्ट बदलण्याआधी आवाज ओळखा

आमच्या आर्वीच्या घरी आजोबांच्या काळातला एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. आजोबा लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. आता माझा चुलतभाऊ त्याच अँपच्या माइक सॉकेटला गिटार लावतो. दिवाळीत मी पुण्याहून घरी आलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, हा काऊन एवढा घूं घूं करते? भंगारवाल्याले देऊन टाकू का?"

मी एक व्हिडिओ पाहिला आणि सरळ नवे व्हॉल्व्ह मागवले. अडीच हजार गेले, आवाज मात्र जसाच्या तसा. ऑफिसमध्ये बग शोधताना मी असं कधीच करत नाही. आधी कोडचे अर्धे भाग बंद करून बघतो की गडबड नेमकी कुठे आहे. मग अँपलाही तेच लावलं.

आधी हे वाचा

व्हॉल्व्ह अँपमध्ये साधारण 300 व्होल्ट डीसी असतो. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज टिकून राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो. त्यामुळे खालच्या सगळ्या टेस्ट कव्हर न उघडता करायच्या. स्पीकर न जोडता अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

टेस्ट 1: व्हॉल्यूम शून्य करा

आवाज गेला? मग दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे: गिटार, केबल किंवा पहिला व्हॉल्व्ह. केबल काढून, दुसरी लावून बघा. आवाज तसाच राहिला? मग दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा आउटपुटच्या भागात. आमचा तसाच राहिला. एका मिनिटात अर्धा अँप संशयातून सुटला!

टेस्ट 2: सूर ओळखा

आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. अँपमधला रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजूच्या लाटा एकाच दिशेला वळवतो, म्हणून सेकंदाला 100 उंचवटे तयार होतात. ते सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. नळाला पाणी थांबून थांबून आलं तरी टाकीमुळे धार सलग मिळते, अगदी तसंच. कपॅसिटर म्हातारा झाला की टाकी लहान होते आणि 100 हर्ट्झची घूं ऐकू येते.

आता 50 की 100 हे कसं कळणार? गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या फ्रेटवर वाजवा. तो सूर 98 हर्ट्झचा असतो. घूं त्याच्याशी जुळली तर बहुतेक फिल्टर कपॅसिटर. एक सप्तक खाली असली तर अर्थिंग, केबल किंवा व्हॉल्व्हच्या हीटरची वायरिंग तपासायला हवी. फोनवरचं स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर अ‍ॅपही मदत करतं, पण फोनचा माइक 50 हर्ट्झ नीट पकडेलच असं नाही. म्हणून कानाचाही कौल घ्या.

टेस्ट 3: बाकीचे आवाज

• नॉब फिरवताना खर्रर्र: आत धूळ आहे. अँप बंद असताना कॉन्टॅक्ट क्लीनर मारतात.
• पेन्सिलीने व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारली की स्पीकरमधून टिंग: तो व्हॉल्व्ह सैल झालाय, बदला.
• मधूनच टिर्र-टिर्र: फोन जवळ ठेवलाय. 2जी सिग्नलचा हा आवाज 217 हर्ट्झचा असतो. फोन लांब ठेवा.
• चार्जिंगला लावलेला फोन जोडला की घूं: बहुतेक ग्राउंड लूप. चार्जर काढून बघा.

घूं घालवायला प्लगची अर्थची पिन कापणारे लोक आहेत. असं कधीच करू नका. आत फॉल्ट झाला तर गिटारच्या तारांमध्येच करंट उतरेल.

शेवटी काय निघालं?

आमची घूं तिसऱ्या फ्रेटशी जुळली. अँप गावातल्या रेडिओवाल्या काकांकडे नेला. त्यांनी आधी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे केले, मग मल्टिमीटरने शून्य दिसतंय का ते पाहिलं. मला म्हणाले, "एकच हात आत घालायचा बाबू, दुसरा खिशात ठेवायचा." दोन्ही हात आत असले तर करंट छातीतून जाऊ शकतो, म्हणून.

दोन्ही फिल्टर कपॅसिटर सुकले होते. असे कपॅसिटर दर 10 अंश तापमानवाढीला साधारण अर्धं आयुष्य गमावतात, आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह मात्र ठणठणीत निघाले. तेच परत बसवले. माझे नवे व्हॉल्व्ह डब्यात पडून आहेत.

आता घूं गेली, बारीकशी सूं राहिली. तेवढी व्हॉल्व्हमध्ये असतेच. अँप भंगारात गेला नाही. आजी रोज भावाला सांगते, "आवाज कमी कर."