प्रकाशझोत कोणासाठी?

खानदेशातल्या उन्हाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचा हंगाम पावसाळ्यानंतर येतो हे खरे. पण ऑक्टोबरचे ऊनही काही कमी जाचक नसते. अशा उन्हात, भर दुपारी, तापलेल्या मातीवर आमचे विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने खेळतात. सामने दुपारीच का, याचे उत्तर साधे आहे. सूर्य मावळला की बहुतेक मैदाने मावळतात. तेथे दिवे नाहीत.

हीच मुले रात्री आठ वाजता दूरचित्रवाणीवर तोच खेळ पाहतात. तेथे वातानुकूलित सभागृह असते, मॅटवर सावलीसुद्धा पडू नये असा लखलखाट असतो. ज्यांना उन्हापासून सुटका हवी त्यांच्याकडे दिवे नाहीत आणि जेथे ऊन शिरतच नाही तेथे प्रकाशाची उधळण आहे. ही विसंगती केवळ दैवाची नव्हे. तिच्यामागे निश्चित असे अर्थकारण आहे.

अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना गरज आणि प्रभावी मागणी यांतील भेद शिकवतो. पोटात भूक असणे ही गरज. भूक आणि खिशात पैसा दोन्ही असणे ही मागणी. बाजार मागणीला उत्तर देतो, गरजेला नव्हे. क्रीडांगणावरील दिव्यांची गरज खेळाडूला असते, पण त्यांची प्रभावी मागणी करतो तो कॅमेरा. सायंकाळी कामावरून परतलेला नोकरदार घरी पडद्यासमोर बसतो, त्या वेळी जाहिरातीला अधिक मोल येते आणि म्हणून त्या वेळी खेळ व्हावा लागतो.

क्रिकेटने हा धडा प्रथम गिरवला. ऑस्ट्रेलियात केरी पॅकर या वाहिनीमालकाने प्रक्षेपणाच्या हक्कावरून झालेल्या वादातून १९७७ मध्ये स्वतःची स्पर्धा उभी केली आणि दिव्यांच्या प्रकाशातील क्रिकेट रुजवले. भारतातील पहिला दिवस-रात्र एकदिवसीय सामना सप्टेंबर १९८४ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाला. पुढे २००८ मध्ये सुरू झालेल्या आयपीएलने तर सायंकाळ हीच खेळाची मुख्य वेळ ठरवली. तिच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारणहक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. तिकिटांचे उत्पन्न या आकड्यापुढे फिके पडते. प्रेक्षागार आता दूरचित्रवाणीच्या चित्राची पार्श्वभूमी बनले आहे.

हे केवळ व्यावसायिक खेळाचे वैगुण्य आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचीही तीच कथा आहे. नोत्र दाम विद्यापीठाच्या मैदानावर १९८२ मध्ये रात्रीचा सामना झाला, तो तात्पुरते दिवे आणून. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संघटनेची मक्तेदारी मोडली आणि वाहिन्यांशी करार करण्याचा मार्ग विद्यापीठांना मोकळा झाला. लाखाहून अधिक प्रेक्षक सामावणारे मिशिगन विद्यापीठाचे १९२७ सालचे मैदान. तेथे पहिला रात्रीचा सामना झाला तो २०११ मध्ये. आज अनेक सामन्यांची वेळ वाहिन्या ठरवतात आणि ती बारा दिवस, कधी तर सहाच दिवस आधी विद्यापीठाला कळते. केळीला पाणी देण्यासाठी वीज कोणत्या पाळीत येईल ते दुसऱ्याने ठरवावे आणि आपण मध्यरात्री उठावे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्या रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना ही पराधीनता समजावून सांगावी लागणार नाही.

आता कबड्डीकडे वळू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन येथे हा खेळ जगापुढे मांडला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत त्याला पदकांच्या खेळाचे स्थान मिळाले. परंतु घराघरांत तो पोहोचला २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झालेल्या प्रो कबड्डीमुळे. पुढच्याच वर्षी प्रसारण करणाऱ्या वाहिनीने आयोजक कंपनीत मोठा हिस्सा घेतला. म्हणजे दाखवणारा आणि भरवणारा एकच झाला. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे सक्तीचे झाले. मॅट त्याआधीच आली होती. पण तिला अपरिहार्य केले ते दूरचित्रवाणीने.

याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मातीतल्या गड्याला नाव मिळाले, मानधन मिळाले. शेतमजुराच्या मुलाला चढाईत भविष्य दिसू लागले. प्रश्न आहे तो या शिडीच्या खालच्या पायऱ्यांचा. निवड मॅटवरच्या खेळावर होणार, तर सराव मातीवर करणारा मुलगा पहिल्याच पावलाला अडखळणार. मॅटची किंमत लाखांच्या घरात आणि मॅटवर बूट हवेतच. ग्रामीण महाविद्यालयाने हा खर्च कोठून करावा? जळगावचे सागर पार्क असो की धुळ्याचे गरुड मैदान, सभा-मेळाव्यांसाठी तेथे रात्रीचा दिवस करणे आपल्याला जमते. रोजच्या सरावासाठी मात्र ते जमत नाही.

वास्तविक, आमची मागणी फार मोठी नाही. क्रिकेटच्या मैदानाला उंच मनोरे लागतात. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण अवघे १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. कॅमेऱ्याला हवा तो लखलखाट येथे नको. पकड दिसावी एवढा उजेड पुरे. थोडे खांब, थोडी वीज आणि पाच ते साडेसातची वेळ, एवढ्याने काम भागेल. त्याहून उशीर मात्र नको. कारण खेड्यातून येणाऱ्या मुलींची शेवटची एस.टी. चुकली, तर दुसऱ्या दिवशी घरचे त्यांना मैदानावर पाठवणार नाहीत.

यासाठी पैसा कोठून यावा, याची दिशा कायद्यातच सापडते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेटच्याच एका वादात सांगितले. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीशी वाटून घेणे बंधनकारक केले. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. तात्पर्य, खेळाच्या बाजारावर समाजाला अटी घालता येतात. मग प्रसारणहक्कांच्या उत्पन्नातील एक लहानसा, निश्चित वाटा जिल्ह्याच्या मैदानांसाठी राखून ठेवण्याची अट का घालू नये? त्याचबरोबर विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनीही विजेच्या बिलाकडे बोट दाखवून स्वस्थ बसणे सोडले पाहिजे.

पडद्यावर चमकणारा प्रत्येक खेळाडू कोठल्या तरी मैदानातून आलेला असतो. त्या मैदानावर सूर्यास्तानंतर आणखी दोन तास खेळता यावे, एवढेच मागणे आहे. बाजाराला ते ऐकू येत नसेल, तर समाजाने ते ऐकले पाहिजे.