रक्तदोष, जंतू आणि कायदा

महारोग, रक्तपिती, कुष्ठरोग ही एकाच आजाराची नावे. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ मात्र पुष्कळ व्यापक होते. त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत साधे त्वचाविकारही येतात. सुश्रुतसंहितेने कुष्ठाला संसर्गाने पसरणाऱ्या रोगांत बसवले आणि आईबापांच्या दूषित शुक्र-शोणितातून ते संततीत उतरते, असेही सांगितले. संसर्ग की वारसा, हाच वाद एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत पेटला.

तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर हा आजार फार होता. बर्गेनचे डॉ. डॅनियल डॅनियलसन यांनी रोग्यांच्या गाठींतील द्रव्य स्वतःच्या अंगात अनेकदा टोचून घेतले. काहीच झाले नाही. त्यांनी आणि विल्हेल्म बोएक यांनी 1847 च्या ग्रंथात हा रोग मुख्यतः आनुवंशिक मानला. धाडस मोठे होते, पण अनुमान चुकले. हा रोग जंतूमुळे होतो; बहुतेक माणसांच्या शरीरात त्या जंतूला रोखण्याची शक्ती मुळातच असते आणि लागण झालीच, तरी लक्षणे दिसायला कित्येक वर्षे जातात.

डॅनियलसन यांचेच जावई गेरहार्ड हॅन्सन यांना 1873 मध्ये रोग्यांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले. त्याच वर्षी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर बर्गेनला गेले होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’तील चित्रे काढणारे ते हेच. पुढे हिंदुस्थानात त्यांनी संसर्गाचा सिद्धान्त आणि रोग्यांच्या विलगीकरणाचा आग्रह धरला. जंतूमुळेच हा रोग होतो हे सिद्ध करण्याच्या हट्टापायी हॅन्सन यांनी 1879 मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिला न विचारता रोग्याच्या गाठीतील द्रव्य टोचले. न्यायालयाने 1880 मध्ये त्यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. तो निकाल योग्यच होता.

जंतू सापडल्याने घराण्यावरचा डाग पुसला जायला हवा होता. झाले उलटेच: वारशाची भीती राहिलीच आणि स्पर्शाची भीती तिच्यात मिळाली. मुंबईत 1890 मध्ये माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले. त्याला नाव मिळाले पालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांचे. मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲकवर्थ ते हेच. हिंदुस्थानातील 1890-91 च्या कुष्ठरोग आयोगाने हा रोग आनुवंशिक नाही आणि संसर्गाचा धोकाही अल्प आहे, असे मत दिले. तरीही महारोग्यांविषयीचा 1898 चा कायदा आला. निराधार रोग्याला वॉरंटविना पकडण्याची मुभा त्यात होती. रोग्यांना अन्नपदार्थ विकण्यास, सार्वजनिक विहिरीचे पाणी घेण्यास आणि भाड्याच्या गाडीत बसण्यास मनाई करता येत असे. विज्ञानाने सांगितले त्यापेक्षा हे फार पुढे गेलेले होते.

औषध म्हणून दीर्घकाळ कडू कवठाच्या जातीतील बियांचे तेलच चालले. 1941 मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन गटातील प्रोमिनचा उपयोग सुरू झाला, त्यानंतर डॅप्सोन आले. एकाच औषधाला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने 1980 च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. पुढे सहा किंवा बारा महिन्यांत हा रोग बरा होऊ लागला.

कायद्याला मात्र हे कळायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. 1898 चा कायदा 2016 मध्ये रद्द झाला आणि घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग 2019 मध्ये वगळला गेला. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध मोफत मिळते आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होत नाही.