फ्लोराइडला कोरडं करण्याची घाई

पेट स्कॅनला रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात, शिरेतून थोडं औषध देतात आणि तासभर निवांत पडून राहायला सांगतात. ते औषध म्हणजे बहुतेक वेळा एफडीजी. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथं किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेली ही साखर. अनेक कर्करोगांच्या पेशी साखरेच्या हावरट. एफडीजीही त्या आत ओढतात, तिच्यावर फॉस्फेट चढवतात; पण पुढच्या विकराला नेमका तो काढलेला गटच हवा असतो. साखर तिथंच अडकते आणि स्कॅनमध्ये चमकते.

फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं. सकाळी सहाला बनवलेला माल आठ वाजता निम्माही उरत नाही!

त्यात हा फ्लोराइड जन्मतो पाण्यात. जड ऑक्सिजन असलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉनचा मारा केला की तो तयार होतो. पण पाण्याचे रेणू त्याला असे घेरतात की तो कुणाशी अभिक्रियाच करेना. १९७६मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इदो आणि सहकाऱ्यांनी पहिली एफडीजी बनवली, ती पाणी टाळून, थेट फ्लोरिन वायू वापरून. त्या वायूच्या रेणूतले अणू दोन, साखरेला लागतो एक. निम्मी किरणोत्सारिता तिथंच वाया.

तोडगा निघाला १९८६मध्ये, जर्मनीतल्या युलिशला. हामाखर, कोनेन आणि श्ट्योकलिन यांनी क्रिप्टोफिक्स नावाचा पिंजऱ्यासारखा रेणू घेतला. तो फ्लोराइडच्या जोडीदाराला, पोटॅशियमला, पोटात घेतो आणि जोडीदारापासून सुटलेला फ्लोराइड, अॅसिटोनायट्राइलबरोबर पाणी उडवून लावलं की, कमालीचा चपळ होतो. त्याच्यापुढे ठेवायची मात्र ग्लुकोज नव्हे, दुसऱ्या कार्बनवर उलटी रचना असलेली तिची भावंड साखर, मॅनोज! फ्लोराइड मागून धडकतो, जुना गट समोरून निसटतो, कार्बनची रचना उलटते आणि मॅनोजचा सांगाडा ग्लुकोजचा होतो. तासाभरात निम्म्याच्या आसपास उत्पादन. पेट स्कॅन रुग्णालयांत रुजला याचं श्रेय मी स्कॅनरइतकंच या पिंजऱ्याला देईन. तो विषारी, म्हणून औषधात उरला नाही ना, हे तपासावं लागतं.

आपल्याकडे असा फ्लोराइड बनवणारा, देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या विकिरण औषधी केंद्रात २००२मध्ये सुरू झाला.

आणि पेशीत अडकलेल्या साखरेचं काय? फ्लोरिन-१८ पॉझिट्रॉन टाकून पुन्हा जड ऑक्सिजन होतो, एक हायड्रोजन उचलतो आणि पेशी ती साखर नेहमीच्या ग्लुकोजसारखी वापरून टाकते.